पहिला सामना १८७० चा की १८७२ चा?

इंग्लंड-स्कॉटलंडचा पहिला फुटबॉल सामना म्हणून दोन तारखा सांगितल्या जातात: ५ मार्च १८७० आणि ३० नोव्हेंबर १८७२. दोन्ही सामने खरोखर झाले. घोळ होतो तो स्कॉटलंडचा संघ कोणी आणि कुठून निवडला हे न पाहिल्यामुळे.

१८७० चा सामना लंडनच्या ओव्हलवर झाला. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे (एफए) सचिव चार्ल्स ऑल्कॉक यांनी तो घडवून आणला. स्कॉटलंडकडून खेळले ते बहुतेक लंडन परिसरातले लोक. काहींचे स्कॉटिश नाते फारच लांबचे. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचे चिरंजीवही त्यात होते. रॉबर्ट क्रॉफर्ड यांच्या गोलने स्कॉटलंड पुढे गेले, आल्फ्रेड बेकर यांनी बरोबरी साधली. फेब्रुवारी १८७२ पर्यंत ओव्हलवर असे पाच सामने झाले. आज ते अधिकृत नोंदीत धरत नाहीत.

नोव्हेंबर १८७२ चा सामना ग्लासगोजवळ पार्टिकला, एका क्रिकेट क्लबच्या मैदानावर झाला. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क क्लबचे. आडव्या दांड्याऐवजी गोलखांबांना फीत बांधलेली. निकाल ०-०.

हा सामना अधिकृत ठरला तो स्कॉटलंडच्या संघटनेमुळे, असे अनेकदा लिहिले जाते. ते चूक आहे. स्कॉटिश फुटबॉल असोसिएशन १३ मार्च १८७३ ला स्थापन झाली. सामना क्वीन्स पार्कने भरवला होता. संघ स्कॉटलंडमध्येच निवडला गेला, हाच खरा फरक.

दुसरा गोंधळ पहिल्या गोलचा. पहिला अधिकृत सामना गोलशून्य, म्हणून इंग्लंडचा पहिला अधिकृत गोल पुढच्या सामन्यातला: ८ मार्च १८७३, पुन्हा ओव्हल, इंग्लंड ४-२ ने विजयी. गोल विल्यम केनियन-स्लेनी यांचा. त्यांचा जन्म १८४७ चा, राजकोटचा. वडील मुंबई इलाख्याच्या घोडदळात कॅप्टन. (स्कॉटलंडचा पहिला अधिकृत गोल त्याच दिवशी हेन्री रेनी-टेलयर यांनी केला, आणि तेही जन्माने मसुरीचे!) केनियन-स्लेनींनी त्या सामन्यात दोन गोल केले, पण इंग्लंडकडून ते एवढा एकच सामना खेळले. तीन आठवड्यांनी वाँडरर्स क्लबकडून ते एफए कपची अंतिम लढत जिंकले. फुटबॉलने त्यांचे पोट भरत नव्हते, भरायची गरजही नव्हती. ईटनची शाळा, ऑक्सफर्ड, १८६७ पासून लष्कराची ग्रेनेडियर गार्ड्स पलटण, १८८२ ला इजिप्तमधली तेल-अल-केबिरची लढाई, मग १८८६ पासून १९०८ ला मृत्यू येईपर्यंत खासदारकी. अशा माणसाच्या चरित्रात फुटबॉलला दोन ओळी मिळतात, आणि त्यातच तारखा चुकतात.

जुनी कागदपत्रे चाळताना एक खबरदारी: घराण्याने केनियन-स्लेनी हे जोडनाव १८६२ मध्ये घेतले. त्याआधीच्या नोंदी केनियन नावाखाली शोधाव्या लागतात. आणि विल्यम लिंडसे हे नाव दोन्ही संघांत दिसले तर छापण्यातली चूक समजू नका. ओव्हलच्या अनधिकृत सामन्यांत ते स्कॉटलंडकडून खेळले आणि १८७७ मध्ये इंग्लंडकडून, अधिकृतपणे.