बिनचूक ठोका आणि हलता सूर : ‘डेअर’ अल्बममागचे विज्ञान

पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधील शेफील्ड शहरातील ‘द ह्यूमन लीग’ या न्यू वेव्ह (पंकनंतरचा, सिंथेसायझरकडे झुकलेला पॉप-रॉक) बँडचा ‘डेअर’ हा अल्बम ऑक्टोबर १९८१ मध्ये प्रकाशित झाला आणि ब्रिटनच्या विक्रीक्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचला. त्यातील शेवटचे गीत, ‘डोन्ट यू वॉन्ट मी’, त्या वर्षीच्या नाताळात ब्रिटनमध्ये आणि पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेतही अग्रस्थानी गेले. फिलिप ओकी, जोॲन कॅथरॉल आणि सुझन ॲन सली यांचे आवाज वगळले, तर या अल्बममध्ये जवळजवळ सर्व काही विद्युत्‌मंडलांतून आलेले आहे, आणि म्हणून ‘यंत्राचे थंड संगीत’ असा शिक्का त्यावर सहज मारला जातो. मला तो शिक्का चुकीचा वाटतो, कारण निर्माते मार्टिन रशंट यांनी येथे दोन अगदी भिन्न स्वभावांची यंत्रे एकत्र आणली होती. एका जातीच्या यंत्राचा काळ ढळत नव्हता आणि दुसऱ्या जातीच्या यंत्राचा सूर पूर्ण स्थिर राहत नव्हता. ‘डेअर’चा गोडवा या विसंगतीतून आला आहे.

प्रथम ठोक्याचा विचार करू. तोपर्यंतची बहुतेक ड्रम मशीन ढोलाच्या आवाजाची नक्कल करीत. विद्युत गोंगाट गाळून त्याला झपाट्याने विझवले की त्यातून स्नेअरसारखे (कडक, खरखरत्या आवाजाच्या ढोलासारखे) काहीतरी ऐकू येई. अमेरिकेतील रॉजर लिन यांनी १९८० साली बाजारात आणलेल्या ‘लिन एलएम-१’ या यंत्राने, म्हणजे ‘डेअर’मधल्या ठोक्यांच्या यंत्राने, निराळा मार्ग धरला. खऱ्या ढोलावर मारलेल्या एका ठोक्याच्या ध्वनितरंगाची उंची सेकंदाला सुमारे २८,००० वेळा मोजायची, ते आकडे चिपमध्ये साठवायचे आणि बटण दाबताच त्याच क्रमाने परत वाचायचे, ही त्यामागची कल्पना होती. सेकंदाला जितके नमुने (म्हणजे अशी मोजमापे) घ्यावेत, त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच आवाज त्यात नीट टिकतो, असा नमुनाकरणाचा मूलभूत नियम आहे. त्यामुळे येथे मर्यादा १४,००० हर्ट्झची होती. तरुण कान २०,००० हर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकतो, तरीही ढोलाच्या आवाजाचा गाभा या मर्यादेत आरामात मावतो.

प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे त्याला केवळ २५६ पायऱ्या उपलब्ध होत्या. या पायऱ्या सारख्या उंचीच्या ठेवल्या असत्या, तर विझत जाणाऱ्या ठोक्याची नाजूक शेपटी शेवटच्या दोन-चार पायऱ्यांवर अडखळत खरखरली असती. त्यावरचा उपाय टेलिफोन अभियंत्यांनी आधीच शोधलेला होता : शून्याजवळच्या पायऱ्या अगदी बारीक ठेवायच्या आणि वर जाऊ तशा त्या उंच करत न्यायच्या. मोठ्या आवाजातील चूक त्या आवाजाखालीच झाकली जाते आणि हलक्या आवाजात चूकच लहान राहते. फोनवरील बोलणे थोडक्या बिटांत पाठवण्यासाठी योजलेली ही युक्ती लिन यांच्या यंत्रात ढोलाच्या कामी आली.

मात्र स्मृतीचा प्रश्न तिनेही सुटला नाही. पाव सेकंदाच्या ठोक्याला सुमारे ७,००० बाइट लागतात, पण पाच सेकंद झणझणत राहणाऱ्या झांजेला १,४०,००० बाइट हवेत. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या २७१६ या चिपमध्ये २ किलोबाइट मावत, म्हणजे एका झांजेसाठी तशा जवळजवळ सत्तर चिप लागल्या असत्या. म्हणून एलएम-१ मध्ये टाळ्या, काउबेल, कोंगा होते, पण मोठी झांज नव्हती. रॉक संगीतात झांजेचा कल्लोळ वरच्या वारंवारतांचा सारा पट्टा व्यापून टाकतो. येथे तो पट्टा मोकळा राहिला आणि सिंथेसायझरच्या धारदार फेकींना व गायकांच्या व्यंजनांना तेथे जागा मिळाली. ‘डेअर’मधील प्रत्येक शब्द इतका स्वच्छ ऐकू येतो, त्यामागे रशंट यांच्या कानाबरोबरच चिपच्या किमतीचाही वाटा आहे, असे माझे मत आहे.

सूर आणि त्यांची लांबी यांच्यासाठी ‘रोलँड एमसी-८’ हे १९७७ सालचे यंत्र होते. त्यात स्वर वाजवायचे नसत, आकड्यांच्या कळफलकावरून टंकायचे असत : स्वराची उंची, पुढच्या स्वरापर्यंतचे अंतर आणि स्वर धरून ठेवण्याचा काळ, प्रत्येकासाठी वेगळा आकडा. हे काम अत्यंत कंटाळवाणे होते. पण मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत ठोक्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो, आणि निष्णात वादकाच्या हातूनही तो दर वेळी काही मिलिसेकंदांनी पुढे-मागे होतो. यंत्राकडे तो आकड्यांनी बांधलेला राहतो.

आता हे आकडे जेथे पोहोचत, तेथे दुसरे भौतिकशास्त्र सुरू होई. एमसी-८ त्या आकड्याचे विद्युतदाबात रूपांतर करी, आणि ‘सिस्टिम ७००’सारख्या रोलँडच्या सिंथेसायझरमध्ये १ व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढे. त्या हिशोबाने सप्तकातील बारापैकी एक अर्धस्वर केवळ ८३ मिलिव्होल्टचा होतो. व्होल्ट समान पावलांनी वाढतो, पण वारंवारता दर सप्तकाला दुप्पट व्हावी लागते. हे घातांकी रूपांतर एक ट्रांझिस्टर करतो, आणि ट्रांझिस्टरचा हा गुणधर्म तापमानावर अवलंबून असतो. खोलीच्या तापमानात ३ अंशांची वाढ झाली की व्होल्टचे सुरात रूपांतर करण्याचे त्याचे माप सुमारे १ टक्क्याने बदलते. भरपाईची व्यवस्था नसेल, तर आधारस्वराच्या दोन सप्तके वरचा सूर जवळजवळ पाव अर्धस्वराने उतरतो, आणि तो बेसूरपणा कोणालाही कळतो. तापमानाबरोबर बदलणारे खास रोधक बसवून ही चूक बरीचशी मारली जाते. उरते ती सूक्ष्म थरथर.

ही थरथर कानाला गोड का वाटते? ४४० आणि ४४१ हर्ट्झचे दोन सूर एकत्र वाजले की त्यांचे तरंग सेकंदातून एकदा एकमेकांना बळ देतात आणि एकदा एकमेकांना कमी करतात. तंबोऱ्याची जोड जुळवताना ऐकू येणारी लाट तीच. जवळजवळ एकाच सुरात वाजणाऱ्या दोन दोलकांतील (सिंथेसायझरमध्ये सूर निर्माण करणाऱ्या मंडलांतील) अंतर तापमानाप्रमाणे सतत किंचित बदलत असल्यामुळे ही लाटही एका गतीने चालत नाही, आणि ‘डेअर’मधील लांबलेला स्वर म्हणून आतून हलत राहतो. ठोका दगडावर कोरल्यासारखा पक्का नसता, तर हे हलणे बहुधा लक्षातही आले नसते. अढळ रेषेशेजारीच वाकडेपणा दिसतो.

१९८३ साली आलेल्या यामाहाच्या डीएक्स-७ सारख्या सिंथेसायझरांत सूरही आकड्यांनीच घडू लागला आणि तापमानाचा त्याच्याशी संबंध उरला नाही. आज संगणकावर चालणाऱ्या अनेक सिंथेसायझरांत मात्र सूर मुद्दाम किंचित भरकटवण्यासाठी एक वेगळे बटण दिलेले असते.