अर्धा पेला पाणी आणि थोरोंग ला

भाचा या ऑक्टोबरात नेपाळमधल्या अन्नपूर्णा सर्किटच्या ट्रेकला निघालाय. परवा सॅक दाखवायला घरी आला. वरच्या कप्प्यात एक जीन्स आणि तीन सुती टी-शर्ट. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "मामा, ऑक्टोबर म्हणजे तिकडचा बेस्ट सीझन. आणि मनांग गावाच्या पुढे पाऊस नसतोच, पर्जन्यछायेचा प्रदेश. तूच शिकवलंस ना?"

शिकवलं होतं खरं. महाबळेश्वरला धो धो आणि घाट उतरून वाईत आलं की भुरभुर, तोच प्रकार अन्नपूर्णेच्या दोन अंगांना. दक्षिणेकडच्या लुमलेला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि रांगेच्या पलीकडे जोमसोमला ३०० सुद्धा नाही. पण १४ ऑक्टोबर २०१४ रोजी याच कोरड्या अंगाला, ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीत आणि आजूबाजूच्या डोंगरांत असा बर्फ कोसळला की किमान ४३ माणसं गेली. काही हिमस्खलनात, तर बरीचशी खिंड ओलांडून मुक्तिनाथकडे उतरताना, वाट हरवून, गारठून. ऐन ऑक्टोबरात, ऐन बेस्ट सीझनमध्ये.

हा बर्फ आला कुठून? विशाखापट्टणमहून.

हुदहुद आठवतंय? डोक्यावर तुरा मिरवणाऱ्या पक्ष्याचं नाव लावलेलं ते चक्रीवादळ १२ ऑक्टोबरला दुपारी विशाखापट्टणमला किनाऱ्यावर चढलं. दोन दिवसांनी 'हुदहुद हिमालयात धडकलं' अशा बातम्या आल्या. धडकलं वगैरे काही नव्हतं. चक्रीवादळ कोमट समुद्रावर जगतं. जमिनीवर आलं की त्याचा शिधा तुटतो आणि वारा पडत जातो. थोरोंगपर्यंतच्या सुमारे बाराशे किलोमीटरच्या वाटेवर हुदहुदही ढेपाळलं होतं. मग तिथे पोचलं ते काय? वाफ.

दहावीला 'अप्रकट उष्मा' शिकतो आपण. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला ५४० कॅलरी लागतात, आणि एवढं देऊनही तापमान तसूभर वाढत नाही. दोन मार्कांपुरतं पाठ करायचं आणि विसरायचं. मला विचाराल तर शाळेतल्या अख्ख्या विज्ञानात याच्याइतका देखणा हिशोब दुसरा नाही. ती उष्णता बुडत नाही. वाफ ती गाठीला बांधून नेते, आणि जिथे वाफेचं पुन्हा पाणी होईल तिथे गाठ सुटते. बंगालच्या उपसागरानं बांधून दिलेलं हे गाठोडं सोडायला कुणीतरी ती हवा वर न्यायला हवी होती.

आता जरा सावकाश वाचा. साधी कोरडी हवा वर ढकलली तर किलोमीटरमागे दहा अंशांनी गार होते. शेजारच्या हवेपेक्षा गार, म्हणून जड, म्हणून पुन्हा खाली बसते. ओल्या हवेचं तसं होत नाही. ती गार झाली की वाफेचे थेंब होऊ लागतात, गाठ सुटते आणि हवेला आतूनच ऊब मिळते. एक किलो हवेतल्या एक ग्रॅम वाफेचं पाणी झालं तर ती हवा अडीच अंशांनी तापते! त्यामुळे ढगातली हवा किलोमीटरमागे पाच-सात अंशच गार होते, शेजारणीपेक्षा हलकी राहते, वर जाते. वर गेली म्हणून आणखी वाफेचं पाणी, म्हणून आणखी ऊब, म्हणून आणखी वर. ढग स्वतःच्याच कमाईवर चढत जातो.

आणि पर्जन्यछाया? नेहमीच्या पावसात हवेला वर उचलतो तो डोंगर. पाऊस अलीकडच्या उतारावर पडून संपतो, पलीकडे छाया. त्या दिवशी मात्र पश्चिमेकडून उंचावरच्या वाऱ्यांची एक द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, तिथे येऊन ठेपली होती. हिवाळ्यात आपण ज्याला पश्चिमी झंझावात म्हणतो त्याच घराण्यातली. अशा द्रोणीच्या पुढच्या अंगाला वरची हवा फाकते आणि ती जागा भरायला खालचे थरच्या थर वर ओढले जातात. डोंगराची उचल अलीकडच्या उतारापुरती असते. वरून ओढ लागली की ती अलीकडचं-पलीकडचं बघत नाही. हुदहुदची वाफ नेमकी या ओढीत सापडली.

इथवर येईतो भाचा फोन बघायला लागला होता. त्याचा दोष नाही, फाकणाऱ्या हवेचं चित्र मलाही कागद-पेन्सिलीशिवाय दिसत नाही.

हल्ली डोंगरात चार थेंब जोरात पडले तरी वाहिन्यांवर 'ढगफुटी'. हवामान खात्याच्या लेखी लहानशा टापूत तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ती ढगफुटी. थोरोंगला फुटलं काही नाही, बर्फ तासन्‌तास पडत राहिला. मुक्तिनाथाचा कोप झाला म्हणणारेही मला भेटलेत. देवाच्या कोपाचा अंदाज दोन दिवस आधी नकाशावर काढता येत नाही. हुदहुदचे अवशेष उत्तरेकडे सरकणार हे वेधशाळेला कळलं होतं. खिंडीकडे पहाटे निघालेल्या माणसांना कुणी सांगितलं नाही, ही चूक माणसांची.

पण माझ्या लाडक्या अप्रकट उष्म्याचं काम अजून संपलेलं नाही. वर ढगात तो उष्णता देत होता, खाली माणसाच्या अंगावर तोच ती काढून घेत होता.

आपला समज असा की गारठून मरायला उणे वीस तापमान लागतं. जुलैतल्या एका संध्याकाळी मी पाचनईच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर चिंब भिजून पोचलो. पारा अठराच्या खाली नसावा. चालत होतो तोवर गाणी चालू होती. देवळापाशी थांबलो, वारा सुटला, आणि दहा मिनिटांत मला बुटाची नाडी सोडता येईना. नाडी दिसत होती, बोटं ऐकत नव्हती.

हिशोब करून बघा. त्वचेच्या तापमानाला एक ग्रॅम पाणी सुकायला सुमारे ५८० कॅलरी लागतात, उकळत्या पाण्यापेक्षा थोड्या जास्तच. म्हणजे १०० ग्रॅम पाण्याला, अर्ध्या पेल्याला, ५८ किलोकॅलरी. ६५ किलोच्या माणसाचं अख्खं शरीर एक अंशानं थंड करायला ५४ पुरतात. शरीरानं नवी उष्णता केलीच नाही तर अंगावरचं अर्धा पेला पाणी सुकताना एक अंश घेऊन जातं. शरीराचं आतलं तापमान ३७ वरून ३५ च्या खाली आलं की हायपोथर्मिया सुरू. अंतर दोन अंशांचं.

अर्थात शरीर गप्प बसत नाही. चढ चढताना ते तासाला तीन-चारशे किलोकॅलरी सहज पेटवतं, म्हणून चालता माणूस तगतो. पण पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याजवळ येतो, दम लागतो, चाल मंदावते, भट्टी विझत जाते. त्यात शून्याच्या आसपासचा ओला बर्फ हा कोरड्या बर्फापेक्षा वाईट. कोरडा झटकता येतो, ओला कपड्याला चिकटून अंगाच्या उबेनं वितळतो. वितळायला ग्रॅममागे ८० कॅलरी घेतो आणि मग सुकायला वर सांगितलेला भाव. शिवाय कापडाच्या धाग्यांत अडकलेली हवा हेच खरं पांघरूण असतं. तिथे पाणी शिरलं की संपलं, कारण पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. पुढे मेंदूही मंदावतो. माणूस अडखळतो, बरळतो, आणि काही जण तर शेवटी उकडतंय म्हणून अंगावरचे कपडे काढतात.

भाच्याला हे पटेना. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. त्याची जीन्स कोरडी ६४० ग्रॅम. बादलीत बुडवून, पिळून, पुन्हा काट्यावर ठेवली तर १,२२०. अर्ध्या लिटरहून जास्त पाणी, म्हणजे तीनशे तीस-चाळीस किलोकॅलरींचं कर्ज कमरेपासून खाली गुंडाळलेलं. त्याच्या पॉलिएस्टरच्या ट्रॅक पँटनं तेवढ्याच पिळण्यानंतर नव्वद ग्रॅम धरलं आणि पंख्याखाली तासाभरात ती सुकली. जीन्सला रात्र लागली.

सकाळी जीन्स घडी करून माझ्याच कपाटात ठेवून गेला. दारातून परत फिरला.

"मामा, रम तरी घेऊ ना? थंडीला बरी पडते."

रम पोटात गेली की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, आतलं गरम रक्त बाहेर येतं, म्हणून गाल गरम लागतात. म्हणजे आतली ऊब दार उघडून वाऱ्यावर टाकायची. मी एवढंच म्हणालो की मुक्तिनाथला खाली पोच, कोरडे कपडे घाल, शेकोटीपाशी बस आणि मग काय ते ठरव.