कबुली दिली म्हणजे माणूस बदलला का?

परदेशी मालिका आता जळगाव-धुळ्यातही रात्र रात्र जागून पाहिल्या जातात, आणि शेवटचा भाग संपला की गप्पांची गाडी एकाच ठिकाणी अडते. नायक शेवटी सुधारला की नाही? एक जण ठासून सांगतो, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. दुसरा म्हणतो, अहो, त्याने सगळं कबूल केलं की, आणखी काय करायला हवं होतं? माझ्या मते घोळ इथेच आहे. कबुली वेगळी आणि बदल वेगळा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात: भरलेले डोळे, खाली आलेला आवाज, बऱ्याच दिवसांनी बोललेलं खरं. पण कबुलीला एक क्षण पुरतो. बदल झाला की नाही, हे कळायला तोच मोह पुन्हा समोर यावा लागतो.

(पुढे काही मालिकांचे शेवट उघड केले आहेत, ज्यांच्या पाहायच्या राहिल्या असतील त्यांनी इथेच थांबावं.)

‘ब्रेकिंग बॅड’चा वॉल्टर व्हाइट घ्या. ही मालिका 2008 ते 2013 चालली. कॅन्सर झालेला रसायनशास्त्राचा शिक्षक ड्रग्ज बनवू लागतो आणि पाच सीझन सांगत राहतो की हे सगळं घरच्यांसाठी. शेवटच्या भागात बायकोसमोर, स्कायलरसमोर, तो प्रथमच खरं बोलतो: हे मी माझ्यासाठी केलं, मला ते आवडत होतं, त्यात माझा हातखंडा होता. इतकी स्वच्छ कबुली टीव्हीवर क्वचितच ऐकायला मिळते. आता त्या दिवसांत तो बाकी काय करतोय ते बघा. जुन्या भागीदारांना धाक दाखवून पैसे मुलापर्यंत पोहोचवायची सोय करतो, मोटारीच्या डिकीत मशीनगन बसवतो, शत्रूंची टोळी आडवी करतो. धंद्यातल्या आपल्या तरुण साथीदाराला, जेसीला, सोडवतो, ते मी त्याच्या खात्यावर मांडते. पण मरताना तो प्रयोगशाळेतल्या टाकीवरून प्रेमाने हात फिरवतो. सुंभ जळाला, पीळ तसाच राहिला. कबुली पूर्ण आहे, बदल नाही.

‘द सोप्रानोज’मधल्या टोनीचं, माफिया टोळीच्या म्होरक्याचं, तर त्याहून स्पष्ट आहे. गोळी लागून तो मरणाच्या दारातून परत येतो, प्रत्येक दिवस म्हणजे भेट असं म्हणू लागतो, आणि पुढे अपघातात जखमी झालेल्या आपल्याच टोळीतल्या, पुतण्या मानलेल्या क्रिस्टोफरचं नाक दाबून त्याला संपवतो. वर्षानुवर्षं मानसोपचारतज्ज्ञासमोर मन मोकळं करणारा हा माणूस. शेवटी डॉक्टर मेल्फीच त्याला दार दाखवते, कारण या बोलण्याने गुन्हेगार सुधारत नाही, उलट सराईत होतो, हे तिच्या ध्यानात येतं.

खरा विचार करायला लावतो तो ‘बेटर कॉल सॉल’चा जिमी मॅकगिल. 2022 मध्ये आलेल्या शेवटच्या भागात तो पकडला गेलेला आहे. जन्मठेप आणि वर आणखी वर्षं असा हिशोब समोर असताना हा वकील जिभेच्या जोरावर शिक्षा सात-आठ वर्षांवर आणतो. बरा तुरुंग मागून घेतो, वर दर शुक्रवारी आइस्क्रीमही पदरात पाडून घेतो! म्हणजे मोह समोर आहे, नुसता समोर नाही, सही करण्यापुरता उरलाय. मग तो कोर्टात उभा राहतो आणि सगळं आपल्या अंगावर घेतो. भाऊ चकच्या मरणातला आपला वाटा सांगतो, जो कायद्याने गुन्हाही नव्हता. सॉल गुडमन हे धंद्याचं नाव टाकून मॅकगिल हे आपलं नाव परत मागतो. शिक्षा होते 86 वर्षांची. ही कबुली वॉल्टरच्या कबुलीसारखी नाही. वॉल्टरकडे गमवायला काही उरलंच नव्हतं. जिमीने हातात आलेलं सोडलं.

तरी त्यातही एक गाठ आहे. घटस्फोट झालेल्या बायकोने, किमने, कोर्टात यावं म्हणून त्याने आधी तिच्याविरुद्ध बोलणार असल्याची खोटी हूल उठवली होती. म्हणजे लबाडी गेली नाही, तिचा रोख बदलला. मला यामुळेच तो बदल खरा वाटतो. अंगातली कला एका रात्रीत कुणाचीच जात नाही.

आपल्याकडे सप्ताहाच्या कीर्तनात अजामिळाची कथा येते. पापात बुडालेला माणूस मरताना धाकट्या पोराला ‘नारायणा’ अशी हाक मारतो आणि यमदूत मागे हटतात. ऐकणारे बहुतेक इथेच टाळ्या वाजवतात. पण भागवताच्या सहाव्या स्कंधात गोष्ट इथे थांबत नाही. अजामिळाला आयुष्य परत मिळतं, तो घरदार सोडून गंगाद्वारी जातो, साधना करतो आणि मग वैकुंठाला जातो. नामाने त्याला वाचवलं, पालटायला मात्र वेळ दिला गेला. वाल्याची कथाही तशीच. पापात वाटेकरी कोणी नाही हे कळलं तो क्षण छोटा, वारूळ चढेपर्यंतचा काळ मोठा.

अमळनेर-पारोळ्याकडची माणसं हे चांगलं जाणतात. श्रावणातल्या सप्ताहात एखाद्याने रडून माळ घातली, दारू सोडतो म्हणाला, की लोक पाठ थोपटतात, पण ‘तो आते सुधरना’ असं कोणी लगेच म्हणत नाही. दिवाळीनंतर कापूस विकला जातो, हातात पैसे येतात, जुने सोबती बोलवायला येतात. घरची बाई त्या संध्याकाळी दाराकडे बघत असते. तिला श्रावणातलं रडणं खोटं वाटलेलं नसतं. पण तिची परीक्षा ही संध्याकाळ असते.

मालिकेची अडचण नेमकी इथे आहे. नायक तिसऱ्या सीझनमध्ये सुधारला तर मालिकाच संपते, म्हणून लेखक त्याला शेवटपर्यंत तसाच ठेवतात आणि अखेरच्या तासात कबुली देतात. पुढची संध्याकाळ आपल्याला दिसतच नाही. ‘मॅड मेन’चा डॉन ड्रेपर, धंद्याने जाहिराती रचणारा, 2015 च्या शेवटच्या भागात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर डोळे मिटून बसतो, ओठांवर हसू येतं आणि पुढच्याच क्षणी कोकाकोलाची 1971 ची गाजलेली जाहिरात सुरू होते. ती डॉननेच सुचवली असा अर्थ बहुतेक जण लावतात, मीही लावते. त्याला शांती मिळाली हे मला मान्य आहे. पण मिळाली त्याच दिवशी ती विकायला निघालेला माणूस बदलला असं मी म्हणणार नाही. सोडून आलेल्या मुलांकडे तो परत गेला असता, एखादं वर्ष तिथे टिकला असता, तर म्हटलं असतं.