लो-कार्ब पीठ मागण्याआधी एवढं वाचा

गिरणीत डबा ठेवता ठेवता हल्ली रोज कुणीतरी विचारतं, "वजन उतरवायचंय, लो-कार्ब पीठ दळून मिळेल का?" काहीजण घरूनच सात-आठ धान्यं आणि बिया एका पिशवीत कालवून आणतात आणि "एकदम बारीक दळा" म्हणतात. मागे रांग असते, मोटारीचा आवाज असतो, तेव्हा नीट बोलणं होत नाही. म्हणून हे पत्रक काढलं आहे. दळण होईपर्यंत वाचून होईल, आणि घरी नेऊन डबा भरणाऱ्या माणसाच्या हातात दिलंत तर आणखी बरं.

आधी मुद्द्याचं. कार्ब म्हणजे कर्बोदकं, पिष्ट आणि साखर. गहू, शाळू (म्हणजे रब्बीची ज्वारी), बाजरी, नाचणी, यातलं कुठलंच पीठ लो-कार्ब, म्हणजे कमी कार्बचं, नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात १०० ग्रॅममागे, तंतुमय भाग सोडून, कार्ब साधारण असं आहे: गव्हाच्या पिठात ६४ ग्रॅम, ज्वारीत ६८, बाजरीत ६२, नाचणीत ६७, पांढऱ्या तांदळात ७८. म्हणजे चपाती सोडून भाकरी धरली म्हणून कार्ब कमी झालं असं होत नाही. ग्रॅमाला ग्रॅम बघितलं तर शाळू गव्हापेक्षा थोडा वरच आहे. उपवासाच्या शाबूचं विचारूच नका, तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे.

शाळूला आम्ही कमी लेखत नाही. जत-आटपाडीकडचा चांगला शाळू आला की आम्हीही घरी तोच खातो. भाकरी चावून खावी लागते, पोटाला धरते, तेल लागत नाही, आणि दोन भाकरीत माणूस थांबतो जिथे चपात्या चार जातात. हा फायदा खरा आहे, पण तो कमी खाल्ल्याचा आहे. भाकरीचं पीठ काट्यावर घालून बघा. आपल्याकडच्या हातावर थापलेल्या मोठ्या भाकरीला ६० ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं, म्हणजे एका भाकरीत ४० ग्रॅम कार्ब. दोन भाकरी आणि ५० ग्रॅम तांदळाचा भात झाला की एका जेवणात १२० च्या पुढे गेलात. लो-कार्ब म्हणतात ते साधारण अख्ख्या दिवसाला १३० ग्रॅमच्या आत. कीटो म्हणजे कार्ब जवळजवळ बंदच करायची पद्धत, त्यांचा हिशोब तर दिवसाला २० ते ५० ग्रॅमचा असतो. कीटो करणाऱ्याला आमच्याकडचं कुठलंच दळण चालणार नाही, हे आम्ही तोंडावर सांगतो. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

पीठ बदलून भागत नाही, हे आता देशपातळीवरही दिसून आलं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीतले आहाराचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. आपल्या लोकांच्या सुमारे ६२ टक्के कॅलरी कार्बमधून येतात असं त्यात आढळलं. मैदा-पांढरा तांदूळ सोडून गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ घेतलं, पण एकूण कार्ब तेवढंच राहिलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. दिवसाच्या एकूण कॅलरीतल्या ५ टक्के कार्बमधून काढून त्या जागी डाळी-कडधान्य, दूध-दही, अंडी, मासे अशी प्रथिनं आली तिथे मात्र धोका कमी दिसला. म्हणजे ताटातली एखादी चपाती कमी आणि मटकीच्या उसळीची वाटी जास्त. हे सांगून आमचं दळण कमी होतं, तरी सांगतो.

मग लो-कार्बने वजन उतरतं का? उतरतं. पण इतर पद्धतींपेक्षा फार जास्त उतरतं असं नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ माणसांचे दोन गट करून वर्षभर बघितलं, एक गट कमी चरबीचा, दुसरा कमी कार्बचा. २०१८ साली निकाल आला. कमी चरबीवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलोने उतरलं, कमी कार्बवाल्यांचं ६ किलोने, आणि हा फरक धरण्याजोगा नव्हता. दोन्ही गटांना साखर, मैदा आणि पाकिटातलं खाणं सोडायला आणि भाज्या भरपूर खायला सांगितलं होतं, ते इथे महत्त्वाचं. २०२२ साली अशा ६१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही लो-कार्ब आणि समतोल आहार यांच्यात फरक नावापुरताच निघाला. ज्याला जी पद्धत वर्ष-दोन वर्षं पाळता येते ती त्याची. सांगलीतल्या माणसाला भाकरी पूर्ण बंद करून किती महिने राहता येतं, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

पहिल्या आठवड्यातल्या दोन-तीन किलोंबद्दल थोडं. भात-चपाती एकदम बंद केली की काटा झरकन खाली येतो आणि लोक खूश होऊन सांगायला येतात. आपलं शरीर लिव्हरमध्ये आणि स्नायूंत साखरेचा साठा करून ठेवतं, ४००-५०० ग्रॅमच्या घरात, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब बंद झालं की हा साठा संपतो आणि पाणी निघून जातं. ती चरबी नव्हे. लग्नाच्या पंगतीत दोन दिवस जेवलात की पाणी परत येतं, आणि "डाएट फसलं" म्हणून माणूस सगळंच सोडून देतो. चरबी हळूच उतरते. महिन्याला दीड-दोन किलो उतरत असेल तर चांगलं चाललंय असं समजा.

आणखी एक बघण्यात येतं. जेवणातला भात बंद केलेला असतो, पण संध्याकाळी चहाबरोबर भडंग चालू असतो. चुरमुरे म्हणजे तांदूळच. बेदाणा आपल्याकडचा, घरात सहज असतो, पण त्यात निम्म्याहून जास्त साखर आहे. उसाच्या रसाचं तर सांगायलाच नको. पिठाचा विचार करण्याआधी हे तीन बघा.

आता ज्याच्यासाठी खरं तर पत्रक काढावं लागलं ते. घरून एका पिशवीत गहू, शाळू, कच्चं सोयाबीन, जवस, तीळ, शेंगदाणे, मेथ्या असं सगळं कालवून आणू नका. मोबाईलवर कुणीतरी प्रमाण सांगतं, ते बघून लोक आणतात आणि पिशवी डब्यांच्या रांगेत ठेवून जातात. वरून गहूच दिसतात. आतलं काय आहे ते दळायला लागल्यावर कळतं.

आमची गिरणी दगडाची आहे. धान्य दोन दगडांच्या मध्ये भरडलं जातं आणि दगडाला पाडलेल्या चरांतून पीठ बाहेर येतं. जवसात तेल ३५ टक्क्यांच्या वर, शेंगदाण्यात ४० च्या आसपास, तिळात त्याहून जास्त. हे दगडात आलं की दळताना गरम होतं, तेल सुटतं, पिठाचा लगदा होऊन चरांत बसतो. पीठ यायचं थांबतं, दगड तापतो, जळका वास सुटतो. मग मोटार बंद करायची, दगड निवू द्यायचा, वरचा दगड उचलायचा, तारेच्या ब्रशने एकेक चर खरवडायचा, परत बसवायचा, आणि भरड ज्वारी घालून ती जनावरांना टाकायची. यात पाऊण तास सहज जातो. संध्याकाळी सहाच्या गर्दीत हे झालं तर रांगेतल्या सगळ्यांचा स्वयंपाक लांबतो. एवढं करूनही पुढच्या डब्याला वास राहिला, तर त्या काकूंच्या चपात्यांना जवसाचा वास येतो आणि त्या आम्हालाच बोलतात. मेथ्यांचं तसंच, मूठभर मेथ्यांनी दुसऱ्याचं पाच किलो पीठ कडू होतं.

म्हणून कालवलेली पिशवी आता आम्ही उघडून, हातात घेऊन बघतो. त्यात अविश्वास नाही. तेलबिया दिसल्या तर पिशवी बाजूला ठेवतो आणि फोन करतो. काहींना राग येतो, पण रांगेतल्या बाकीच्यांचाही विचार आम्हाला करावा लागतो.

जवस खायचाच असेल, आणि तो खावा, चांगला आहे, तर मंद आचेवर भाजा, गार करा आणि घरच्या मिक्सरमध्ये थोडा थोडा फिरवा. दळलेला जवस लवकर खवट होतो, म्हणून आठवड्यापुरताच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. कणीक मळताना चपातीमागे चमचाभर घातलात की झालं. जास्त प्रमाणात लागत असेल तर शनिवारी दुपारी चारनंतर आणा. त्या वेळी आम्ही तेलबिया आणि मेथ्या वेगळ्या दळतो आणि नंतर दगड धुऊन-खरवडून ठेवतो. याला दर थोडा जास्त लागतो, तो त्या धुण्या-खरवडण्याचा आहे.

सोयाबीन कच्चं कधीच दळू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेने निकामी होतात. साल तडकून वास सुटेपर्यंत भाजलं पाहिजे आणि पूर्ण गार झालं पाहिजे. गरम आणलंत तर पिठाला ओल धरते.

ज्यांना खरंच ताटातलं कार्ब थोडं खाली आणायचं आहे त्यांच्यासाठी आम्ही एक पीठ करून ठेवतो. चार किलो गहू, एक किलो हरभरा डाळ, अर्धा किलो भाजलेलं सोयाबीन. नुसत्या गव्हाच्या पिठात १०० ग्रॅममागे कार्ब ६४ ग्रॅम आणि प्रथिनं साडेदहा ग्रॅम असतात. या पिठात कार्ब ५६ च्या आसपास येतं आणि प्रथिनं १५ च्या जवळ जातात. म्हणजे कार्ब फार उतरत नाही, प्रथिनं मात्र जवळजवळ दीडपट होतात, आणि त्यामुळे दोन चपातीत पोट भरतं. पाकिटावर आम्ही "डाळमिश्र पीठ" लिहितो. "लो-कार्ब" लिहा, जास्त खपेल, असं बरेच जण सुचवतात. ते लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. बाहेरून मल्टिग्रेन पाकीट घेत असाल तर पुढचं चित्र न बघता मागची यादी वाचा आणि त्यात गहू किती टक्के आहे ते बघा.

हे पीठ वापरताना कणीक नेहमीपेक्षा सैल मळा आणि वीसेक मिनिटं झाकून ठेवा. डाळीचं पीठ पाणी ओढत राहतं, लगेच लाटायला घेतलं तर कडा फाटतात. चपाती जरा जाडच ठेवा. सुरुवातीला कुणाकुणाला गॅस धरतो, त्यांनी आठवडाभर निम्मं साधं पीठ मिसळून सवय करावी. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच न्या. घरचे गहू आणि डाळ आणलीत तर त्याच प्रमाणात आम्ही दळून देतो, आमचंच घ्या असा आग्रह नाही. सोयाबीन भाजायचा कंटाळा येत असेल तर भाजून गार केलेलं आमच्याकडे तयार असतं.

शुगरची औषधं चालू असलेल्यांनी मात्र इथे थांबून वाचावं. इन्शुलिन घेणारे किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेणारे लोक एकदम भात-चपाती बंद करतात आणि औषध तेवढंच ठेवतात, त्यांची साखर एकाएकी खाली जाऊ शकते. घाम सुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही त्याची लक्षणं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या चालू असताना कीटो केलं तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका वाढतो, तोही साखर फार वाढलेली नसताना, त्यामुळे घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही. कार्ब कमी करायच्या आधी डॉक्टरांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. किडनीचा त्रास असेल तर डाळमिश्र पीठही विचारल्याशिवाय घेऊ नका, तुम्हाला प्रथिनं मोजून खायची असतात. गरोदर बाईने आणि वाढत्या मुलांनी तर हा मार्ग धरूच नये. भात-चपाती सोडून त्या जागी लोणी, चीज आणि तळलेलं मटण आलं तर काहींचं कोलेस्टेरॉल वाढतं, तेही सहा महिन्यांनी तपासून घ्यावं.

दळण ठेवताना डब्यावर किंवा पिशवीवर चिठ्ठी लावा: नाव, आत काय काय आहे, आणि चपातीचं की भाकरीचं. डाळ घातली असेल तर किती, तेही लिहा. डाळ असलेलं दळण आम्ही गव्हाच्या मागून घेतो, म्हणून ते सकाळी अकराच्या आत ठेवलंत तर संध्याकाळी मिळतं, नंतर ठेवलेलं दुसऱ्या दिवशी. डाळमिश्र पीठ मंगळवारी आणि शुक्रवारी ताजं दळतो. एक किलोचं पाकीटही मिळतं. आधी ते नेऊन घरच्यांना चव बघू द्या, मगच पाच किलोचं सांगा.