अंडाशय काढलेली मादी आणि अंडाशय आटलेली मादी: ओव्हीएक्स की व्हीसीडी?

कोल्हापुरात एम.फार्म.च्या तिसऱ्या सेमिस्टरला सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहिताना फार्माकॉलॉजीत एक शीर्षक हमखास सुचतं: ‘पेरिमेनोपॉजल डिप्रेशनवर अमुक वनस्पतीच्या अर्काचा परिणाम’. पेरिमेनोपॉजल म्हणजे पाळी जाण्याच्या आसपासच्या वर्षांतलं. पद्धतीच्या पानावर मात्र ओव्हीएक्स असतं, म्हणजे शस्त्रक्रियेनं दोन्ही अंडाशय काढलेली मादी. शीर्षक एका अवस्थेचं आणि प्राणी दुसऱ्याच अवस्थेचा. व्हायवाला पहिला प्रश्न इथेच येतो, आणि तो यायलाच हवा.

बाईची पाळी जाते ती काही वर्षं घेत. त्या काळात एस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयाचं मुख्य हार्मोन, सरळ उतरत नाही, वरखाली होत राहतं. सलग १२ महिने पाळी आली नाही की मग रजोनिवृत्ती झाली म्हणायचं. नैराश्याचा धोका वाढतो तो या चढउताराच्या वर्षांत. एस्ट्राडायोल या एस्ट्रोजेनच्या, त्वचेवर लावायच्या पॅचचा मूडवर फायदा दिसला तोही याच टप्प्यातल्या बायकांमध्ये. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्यांमध्ये तो तसा दिसला नाही. म्हणजे ‘हार्मोन कमी आहे’ आणि ‘हार्मोन डळमळतंय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ओव्हीएक्स पहिली गोष्ट दाखवतं. तरुण मादीचे अंडाशय निघाले की काही दिवसांत एस्ट्रोजेन तळाला जातं, डळमळण्याचा टप्पाच नाही. अंडाशयातून येणारे अँड्रोजेनही, म्हणजे पुरुषी समजले जाणारे हार्मोन, त्यासोबत जातात. हे चित्र जुळतं ते ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशय काढलेल्या बाईशी. इथे आणखी एक गल्लत होते. ‘पिशवी काढली’ म्हणजे अंडाशय काढले असं नव्हे. बीडकडून ऊसतोडीला येणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्यभर चर्चा झाली. तेव्हाही हा फरक अनेकांच्या लक्षात आला नव्हता. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, अंडाशयांचं काम मात्र बहुधा चालू राहतं.

व्हीसीडी, म्हणजे ४-व्हिनिलसायक्लोहेक्झिन डायइपॉक्साइड, दुसऱ्या गोष्टीच्या जवळ जातं. फॉलिकल म्हणजे अंडं वाढवणारी अंडाशयातली पिशवी. हे रसायन त्यातली सगळ्यात लहान फॉलिकल, प्रायमॉर्डियल आणि प्रायमरी, मारतं. मोठी फॉलिकल आपल्या गतीनं वापरली जातात, मागून भरती होत नाही आणि साठा आटत जातो. अंडाशय जागेवरच राहतो आणि उरलेल्या ऊतीतून अँड्रोजेन येत राहतात, पाळी गेलेल्या बाईत येतात तसेच. म्हातारी रॅट वापरली तर काय बिघडतं, असं कुणी विचारेल. तिचं चक्र ९ ते १२ महिन्यांच्या वयात विस्कटतं खरं, पण ते मुख्यतः मेंदूच्या बाजूनं, हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीकडून. फॉलिकल संपल्यामुळे नव्हे.

आता टेबलावर. ओव्हीएक्सला साधारण तीन महिन्यांची, २०० ते २५० ग्रॅमची रॅट घेतात. केटामिन आणि झायलाझिनची भूल दिल्यावर शरीर गार पडतं, म्हणून खाली गरम पॅड हवाच. डिसेंबरातल्या कोल्हापुरी सकाळी तर विसरूच नका. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधे सेंटिमीटरभर छेद, खाली स्नायू, त्याच्या आत फिकट चरबीचा गोळा. चिमट्यानं चरबी धरायची, अंडाशय नाही. चरबीसोबत तुतीच्या फळासारखा लालसर दाणेदार अंडाशय बाहेर येतो. गर्भाशयाच्या शिंगाच्या टोकाशी दोऱ्याची गाठ मारून अंडाशय कापायचा, शिंग आत सोडायचं. चिमट्यात अंडाशय चिरडला आणि कण आत राहिला की तो पुन्हा हार्मोन बनवतो आणि तीन आठवड्यांनी स्मिअर, म्हणजे योनीतल्या पेशींची काचेवरची तपासणी, चक्र दाखवायला लागतो. शेवटी गर्भाशयाचं वजन करा. ते दोऱ्यासारखं बारीक झालेलं नसेल तर तो प्राणी गटातून बाहेर.

व्हीसीडीला शस्त्रक्रिया नाही, पण हात सांभाळावे लागतात. द्रव्य त्वचेला झोंबतं आणि कर्करोगाच्या संशयित द्रव्यांत मोडतं, तेव्हा फ्यूम हूड, म्हणजे वाफा ओढून घेणारं कपाट, आणि नायट्राइल हातमोजे. रूढ डोस २८ दिवसांच्या माउसला रोज १६० मिग्रॅ प्रति किलो, सुईनं पोटाच्या पोकळीत, सलग १५ दिवस. प्रति किलो २.५ मिली द्यायचं ठरवलं तर तिळाच्या तेलात ६४ मिग्रॅ प्रति मिली द्रावण लागतं. १५ ग्रॅमच्या माउसला जेमतेम ०.०४ मिली. या वयाची पिल्लं झपाट्यानं वाढतात, म्हणून वजन रोज सकाळी. पहिल्या दिवशीच्या वजनावर पंधराही दिवस डोस दिला तर शेवटच्या आठवड्यात तो कमी पडतो आणि फॉलिकल वाचतात. इन्सुलिनच्या बारीक सुईतून तेल उतरत नाही. कंट्रोल गटाला नुसतं तेल, ओव्हीएक्सला मात्र शॅम शस्त्रक्रिया, म्हणजे छेद घ्यायचा पण अंडाशय ठेवायचा. एकाच प्रकल्पात दोन्ही असतील तर कंट्रोलही दोन, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या कमिटीच्या बी फॉर्ममध्ये प्राण्यांची संख्या तशी मांडावी लागते.

सगळ्यात जास्त गोंधळ स्मिअरचा. ठरलेल्या वेळी ड्रॉपरचं टोक योनीच्या तोंडाशीच ठेवून १० ते २० मायक्रोलिटर सलाइन आतबाहेर करायचं. एस्ट्रसला, म्हणजे मादी माजावर असताना, केंद्रक नसलेल्या चपट्या पेशी पोह्यांसारख्या पसरलेल्या दिसतात, डायएस्ट्रसला, म्हणजे चक्राच्या शांत टप्प्यात, बारीक पांढऱ्या पेशींची गर्दी. सलग १० दिवस डायएस्ट्रस म्हणजे अंडाशय निकामी, असं माउसच्या व्हीसीडी मॉडेलमध्ये धरतात. पण ड्रॉपर खोल गेला तर गर्भाशयाच्या मुखाला स्पर्श होतो, मादी खोट्या गरोदरपणात जाते आणि त्यातही दहा-बारा दिवस डायएस्ट्रसच दिसतो! म्हणून काही अंडाशयांचे सेक्शन कापून फॉलिकल मोजल्याशिवाय ‘निकामी’ लिहू नये.

वर्तनाच्या चाचण्या दोन्हींत त्याच, चुकण्याच्या जागा वेगळ्या. ओव्हीएक्स मादी जास्त खाते, वजन चढतं, चरबीमुळे पाण्यात तरंगणं सोपं जातं. मग पोहण्याच्या चाचणीत ती निश्चल दिसली तर ते नैराश्यसदृश वर्तन की नुसता लठ्ठपणा? आधी ओपन फील्डमध्ये, म्हणजे मोकळ्या चौकटीत सोडून, तिची हालचाल तपासा, पाणी २३ ते २५ अंश ठेवा. टाकीतलं थंड पाणी थेट भरलं की आकडे बिघडतात. गोड पाण्याच्या चाचणीत प्राणी साध्या पाण्यापेक्षा गोड पाणी किती पसंत करतो ते मोजतात: १ टक्का सुक्रोज, रोज ताजं, दोन बाटल्यांच्या जागा बदलत. इथे गुळाची ददात नाही, पण गूळ नको. त्याचा वास आणि क्षार चवीत येतात. एस्ट्रोजेनचा गोडाच्या ओढीवरही परिणाम होतो, म्हणून शस्त्रक्रियेआधीचं मोजमाप घेतल्याशिवाय ‘आनंद कमी झाला’ म्हणता येत नाही. खाद्यात सोया पेंड असेल तर तिच्यातले फायटोएस्ट्रोजेन, म्हणजे एस्ट्रोजेनसारखं वागणारी वनस्पतीतली द्रव्यं, दोन्ही मॉडेलला चकवतात. पोत्यावरचे घटक वाचा आणि सगळ्या गटांना एकच खाद्य द्या.

मग निवडायचं काय? हाताशी रॅट आणि चार-पाच महिने असतील तर ओव्हीएक्सच. रॅटमध्ये व्हीसीडीनं अंडाशय थांबायला फार महिने जातात, दोन सेमिस्टरमध्ये ते बसत नाही. माउसमध्ये ते दीड-दोन महिन्यांत होतं, पण तिथे नैराश्याच्या चाचण्या चक्र विस्कटत असतानाच घ्यायच्या, पूर्ण थांबल्यावर घेतल्या तर पुन्हा ‘हार्मोन नाही’ याच प्रश्नाचं उत्तर मिळतं. आणि ओव्हीएक्स घेतलंत तर सिनॉप्सिसवरचा ‘पेरिमेनोपॉजल’ खोडून ‘अंडाशय काढलेल्या रॅटमधील’ असं लिहा.