संतांच्या तारखा आणि रोजची वाचने : १९६९ च्या फेरबदलाची पार्श्वभूमी

१३ जूनला पादुआच्या संत अंतोनीची मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना. पावसाने नुकताच जोर धरलेला असतो, तरी चर्च भरलेले असते. आणि बायबलचे वाचन सुरू झाले की दरवर्षी कोणीतरी शेजारच्याला कोपराने ढोसून विचारते, "यात अंतोनी कुठे आहे?" नसतोच. सम वर्षी बहुधा एलिया संदेष्ट्याची गोष्ट असते, विषम वर्षी पौलाचे करिंथकरांस दुसरे पत्र. २०२४ साली तर तळहाताएवढा ढग समुद्रावर दिसतो आणि धो धो पाऊस येतो, तोच उतारा नेमका या दिवशी आला होता. हा कोणा फादरांचा विनोद नव्हता, सामान्यकाळाच्या (नाताळ आणि ईस्टरभोवतीचे काळ सोडून उरलेल्या वर्षाच्या) दहाव्या आठवड्यातल्या गुरुवारचे ते ठरलेले वाचन होते. संताचा दिवस असून वाचन वाराचे का, याचे उत्तर १९६९ सालच्या एका निर्णयात आहे.

त्याआधीचे थोडक्यात. संतांची तारीख म्हणजे पुण्यतिथी, हे आपल्याकडे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्या शतकात स्मर्ना येथे बिशप पोलिकार्प यांना जाळून मारले, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी त्या दिवसाला (स्वर्गातला) जन्मदिवस म्हटले आणि दरवर्षी कबरीपाशी जमायचे ठरवले. रोममध्ये ३५४ सालच्या एका संग्रहात हुतात्म्यांच्या दफनाच्या तारखांची यादीच सापडते. खऱ्या जन्मदिवसाचे अपवाद मोजकेच. त्यातला २४ जून, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा, गोव्यात सांजांव म्हणून विहिरीत उड्या मारून साजरा होतो.

पुढे शतकानुशतके यादीत भर पडत गेली. १५७० च्या मिस्साग्रंथात वाचनांचे चक्र एकाच वर्षाचे होते आणि प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस, सोडला तर साध्या वारांना स्वतःची वाचने जवळपास नव्हतीच. त्यामुळे आठवडाभर एकतर रविवारचेच वाचन पुन्हा, नाहीतर त्या दिवशीच्या संताचे. संतांचेही बऱ्याचदा ठरावीकच: कुमारिका असेल तर दहा कुमारींचा दाखला, वर्षातून कितीतरी वेळा. आणि हे सगळे लॅटिनमध्ये. बायबलची कथा मराठी कानांवर पडायची ती दुसऱ्या वाटेने. १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापलेले ओवीबद्ध मराठी पुराण प्रायश्चित्तकाळात गायले जाई, पण मिस्सेत त्याला जागा नव्हती.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर केला. बायबलचा खजिना भाविकांसाठी अधिक सढळ हाताने उघडावा, असे त्यात म्हटले होते. सहा वर्षांनी नवा वाचनक्रम आला. रविवारची वाचने तीन वर्षांच्या फेऱ्यात, अनुक्रमे मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतून, म्हणजे येशूच्या चरित्रांतून. वाराचे पहिले वाचन सामान्यकाळात दोन वर्षांच्या फेऱ्यात, सम आणि विषम. शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच. एखादे पुस्तक सोमवारी सुरू झाले की ते क्रमाने पुढे सरकते. हा क्रम संतांच्या दिवसांनी तुटू नये म्हणून नियम झाला: संताचा दिवस साध्या स्मृतिदिनाच्या, म्हणजे सणाहून खालच्या, दर्जाचा असेल तर वाराचेच वाचन चालू ठेवणे बरे. ज्या संताचे नावच बायबलमध्ये आहे, त्यांना सूट. म्हणून ११ जूनला बर्णबाला प्रेषितांच्या कृत्यांतला स्वतःचा उतारा मिळतो आणि दोनच दिवसांनी अंतोनीला मिळत नाही.

इथपर्यंत फारसा वाद झाला नाही. भडका उडाला तो कॅलेंडरवरून. १४ फेब्रुवारी १९६९ रोजी पोपनी नव्या कॅलेंडरला मान्यता दिली, ते १ जानेवारी १९७० पासून लागू झाले. क्रिस्तोफर, बार्बरा आणि अलेक्झांड्रियाची कॅथरीन यांची नावे त्यातून गळली, जॉर्जचा दिवस ऐच्छिक झाला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी दिली की चर्चने संतांना पदावरून काढले. प्रवाशांचा रक्षक म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर क्रिस्तोफर चिकटवणाऱ्यांनी काय समजायचे? आजही "क्रिस्तोफर आता संत नाही" असे ठामपणे सांगणारे भेटतात.

गोंधळ शब्दाचा आहे. जगभराच्या चर्चसाठी असलेले सामायिक कॅलेंडर वेगळे आणि संतांची संपूर्ण यादी, म्हणजे हुतात्मानामावली, वेगळी. क्रिस्तोफर नामावलीत २५ जुलैलाच आहे. कॅलेंडरातून त्याला वगळताना दिलेले कारण असे की त्याचा दिवस रोमच्या कॅलेंडरात १५५० च्या सुमारास, म्हणजे फार उशिरा, आला होता. स्थानिक कॅलेंडरांना तो ठेवायची मोकळीक होतीच. कारण पटण्याजोगे आहे. पण ते भाविकांपर्यंत पोहोचवण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. रविवारच्या उपदेशात दोन वाक्ये सांगितली असती तर निम्मी अफवा तिथेच विरली असती.

काही संतांच्या नुसत्या तारखा हलल्या. प्रायश्चित्तकाळ मोकळा राहावा म्हणून बेनेडिक्ट २१ मार्चवरून ११ जुलैला गेले. प्रेषित थोमा आगमनकाळातल्या (नाताळच्या तयारीच्या आठवड्यांतल्या) २१ डिसेंबरवरून ३ जुलैला आले. केरळमध्ये ती तारीख आधीपासूनच पाळली जात होती, म्हणजे तिथे रोमलाच उशीर झाला म्हणायचा.

ज्या निर्णयाने क्रिस्तोफरला वगळले, त्यानेच वसईचा हुतात्मा जगाच्या कॅलेंडरात आणला, हे मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारल्या गेलेल्या २६ जणांपैकी एक. १८६२ साली ते संत घोषित झाले, तरी सामायिक कॅलेंडरात या हुतात्म्यांना जागा मिळायला १९६९ उजाडले, कारण आता युरोपबाहेरचे संतही मुद्दाम घेतले जात होते. ५ फेब्रुवारीला आधीच संत आगाथाचा दिवस असल्याने तारीख ६ झाली. दिवसाचे नाव 'पॉल मिकी आणि सोबती'. गोन्सालो त्या 'सोबती'त.

नंतरचे बदल छोटे, पण एकामागून एक होत राहिले. २००२ मध्ये कॅथरीन परत आली, तीही ऐच्छिक म्हणून. २०१६ मध्ये मरिया मग्दालियाचा स्मृतिदिन सणाच्या दर्जाला चढला. २०१९ मध्ये सामान्यकाळाचा तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार ठरला. रोजची वाचने आता सकाळी मोबाइलवर येतात. त्यामुळे मिस्सेला न जाणाऱ्यालाही आज कोणता उतारा आहे ते कळते आणि अंतोनीचा प्रश्न चर्चऐवजी व्हॉट्सअॅपवर विचारला जातो. २०१६ मध्ये संत घोषित झालेल्या मदर तेरेसांचे नाव २०२५ साली ५ सप्टेंबरला सामायिक कॅलेंडरात लागले. दर्जा ऐच्छिक स्मृतिदिनाचा, म्हणजे तो करायचा की नाही हे त्या सकाळी मिस्सा करणारे फादर ठरवणार.