पौषातली वांग्याची रोपं आणि काचेचं झाकण

पौषात जळगाव-धुळ्याकडे दुपारी स्वेटर नकोसा होतो आणि पहाटे गोधडीतून हात बाहेर काढवत नाही. हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब आभाळाला देऊन बसते. पारा 10 अंशांकडे उतरला की भरताच्या वांग्याचं बी मातीत नुसतं पडून राहतं. त्याला 25 ते 30 अंशांची ऊब मिळाली, तर आठवड्या-दीड आठवड्यात कोंब दिसतो.

ही ऊब देते कोल्ड फ्रेम, म्हणजे बिनबुडाची पेटी आणि वर काचेचं तिरकं झाकण. मागची भिंत 18 इंच, पुढची 9 इंच, तोंड दक्षिणेला. डिसेंबरअखेर आपल्याकडे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 45 अंश वर येतो, म्हणून हा उतार. झाकणाला जुन्या खिडकीचं तावदान उत्तम. भिंती मी विटांच्याच रचते. दिवसा तापलेली वीट रात्री सावकाश निवते.

काच उष्णतेचे किरण अडवते म्हणून पेटी तापते, असं आपण शिकलो. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. 1909 साली रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं एका पेटीला काच आणि दुसरीला सैंधवाची चकती लावली. सैंधवातून ते किरण सहज बाहेर पडतात. तरी दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या! झाकणाचं मोठं काम तापलेली हवा कोंडून धरण्याचं. म्हणून काचेच्या जाडीची चिंता सोडा, फटी चिखलानं लिंपा.

मात्र आपल्याकडे गारठ्यापेक्षा दुपारच्या उन्हानं जास्त रोपं जातात. पहिल्या वर्षी मी झाकण बंद ठेवून लग्नाला गेले. संध्याकाळी पाहते तर दोन पानांवर आलेली रोपं उकडलेल्या मेथीसारखी मातीला चिकटलेली. बाहेर 30 अंश असले तरी बंद पेटी 40 सहज ओलांडते. तेव्हापासून सकाळी 9 ला झाकणाखाली अर्धी वीट सरकवते, 4 वाजता काढून घेते आणि दिवेलागणीला वर गोणपाट टाकते.

सकाळी काचेला आतून थेंब दिसतातच. ते 10 वाजेपर्यंतही सुकले नाहीत, तर झाकण आणखी उचलायचं आणि त्या दिवशी पाणी द्यायचं नाही. कोंदट ओलीत बुरशी खोडाला मातीलगत धरते आणि रोपं कोलमडतात. चार-पाच पानं आली, की आठवडाभर झाकण रोज थोडं जास्त वेळ उघडं ठेवायचं. शेवटच्या दोन रात्री ते पूर्ण काढायचं, मग रोपं वाफ्यात लावायची, तीही ऊन कलल्यावर.